आरक्षणाचा टक्का वाढला, वेतनाचे काय?

प्रतिनिधी, नवी मुंबई

डावा हात गमावलेला सुतार आणि डावा हात गमावलेला कारकून यांचे नुकसान सारखे असते का? मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचा एक दावा निकाली काढताना सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नेमका हाच प्रश्न विचारात घेतला होता. वैद्यकीय दाखल्यावर दोघांच्याही अपंगत्वाची टक्केवारी सारखीच, म्हणजे साठच्या आसपास भरेल. परंतु सुताराची किंवा वाहनचालकाची कमावण्याची क्षमता जवळजवळ पूर्णपणे संपुष्टात येईल, तर सरकारी सेवेतील कारकुनाची नोकरी टिकूनही राहू शकेल, असे न्यायालयाने स्पष्ट केले. शरीराची हानी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली डॉक्टर मोजतो. दुसरी मात्र काम कोणते, ते कोठे आहे आणि मालक कसा आहे, यावरून ठरते.

अपंगांच्या रोजगाराची आपल्याकडील चर्चा या फरकापर्यंत क्वचितच पोहोचते. दर वर्षी ३ डिसेंबरला जागतिक अपंग दिन साजरा होतो, किती पदे भरली आणि किती अनुशेष उरला याचे हिशेब मांडले जातात. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत तीन टक्के आरक्षण दिले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते चार टक्क्यांवर नेले आणि अपंगत्वाचे मान्य प्रकार २१ केले. सरकारी भाषेत 'अपंग' शब्दाची जागा 'दिव्यांग'ने घेतली. महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही स्थापन केला. या साऱ्याचे महत्त्व नाकारता येणार नाही. तथापि, नोकरी मिळालेल्या अपंग व्यक्तीच्या हाती महिन्याअखेर नेमके काय पडते आणि त्यातून काय साधते, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला आहे.

बेरोजगारी कमी, की आशाच कमी?

लोकसंख्या गणनेचे या विषयावरील उपलब्ध आकडे २०११ चे आहेत. त्यानुसार देशात २ कोटी ६८ लाख, तर महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. देशातील अपंगांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण ३६ टक्के होते. पुरुषांत ते ४७, तर स्त्रियांत अवघे २३ टक्के होते.

राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने जुलै ते डिसेंबर २०१८ या काळात केलेल्या ७६ व्या फेरीतील चित्र याहून बोलके आहे. (दोन्ही पाहण्यांच्या व्याख्या वेगळ्या असल्याने त्यांची थेट तुलना करता येत नाही.) पंधरा वर्षांवरील अपंगांपैकी केवळ २३.८ टक्के व्यक्ती श्रमबाजारात होत्या, म्हणजे काम करीत होत्या किंवा कामाच्या शोधात होत्या. त्याच सुमारास सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास होते. गंमत अशी, की याच पाहणीत अपंगांमधील बेरोजगारीचा दर ४.२ टक्के, म्हणजे तसा माफकच दिसतो. याचे कारण सोपे आहे. जो काम शोधतो तोच बेरोजगार गणला जातो. ज्याने शोधणेच सोडले, तो या हिशेबात बसत नाही. बेरोजगारीचा कमी दर हा येथे सुस्थितीचा नव्हे, तर हताशेचा आकडा आहे.

याच पाहणीत आणखी एक बाब पुढे आली. अपंगत्वाचे प्रमाणपत्र केवळ २८.८ टक्के व्यक्तींकडे होते. आरक्षण, सवलती, निवृत्तिवेतन या सर्वांचे दार या एका कागदाने उघडते. म्हणजे टक्का तीनाचा चार झाला तरी त्यावर हक्क सांगण्याचे साधन दहापैकी सात जणांच्या हाती नव्हते.

वेतनाबाबतचे जागतिक चित्र आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ मधील अभ्यासातून समोर आले. अपंग कर्मचाऱ्यांना इतरांच्या तुलनेत ताशी सरासरी १२ टक्के कमी वेतन मिळते. यातील तीन चतुर्थांश तफावत शिक्षण, वय किंवा कामाचे स्वरूप यांतील फरकाने स्पष्ट होत नाही. अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत तर ही तफावत २६ टक्क्यांपर्यंत जाते आणि तिच्यातील जवळपास निम्म्या भागाला असे कोणतेही स्पष्टीकरण मिळत नाही. 'अपंगांचे शिक्षणच कमी, म्हणून पगार कमी' हे नेहमीचे उत्तर त्यामुळे अर्धेच खरे ठरते.

तेच डोळे, दोन उत्तरे

वेतनातील तफावत पगारपत्रकापासून सुरू होत नाही. ती नियुक्तीच्या दारात सुरू होते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. लहानपणीच दृष्टी गमावलेल्या प्रांजल यांनी केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण केली, ७७३ वा क्रमांक मिळविला. परंतु संपूर्ण अंधत्वाचे कारण देऊन रेल्वेच्या लेखा सेवेने त्यांना नाकारले. त्यांनी पुन्हा परीक्षा दिली आणि २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निकालात १२४ वा क्रमांक पटकाविला. भारतीय प्रशासकीय सेवेत त्यांची निवड झाली आणि २०१९ मध्ये त्या तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या. दरम्यान त्यांच्या डोळ्यांत काहीही बदल झाला नव्हता. हिशेब तपासण्यास जी व्यक्ती अपात्र ठरली, तीच महसूल उपविभाग सांभाळण्यास पात्र ठरली.

प्रांजल यांच्याकडे दुसरा प्रयत्न करण्याची जिद्द होती आणि पात्रताही. परंतु पहिल्या नकारानंतर कमी पगाराची मिळेल ती नोकरी स्वीकारणारे किती असतील, याची नोंद कोठेही होत नाही. अशा नकाराला कायदेशीर लगाम घालण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने २००९ मध्येच केले होते. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या एका उमेदवाराची बँकेत परिविक्षाधीन अधिकारी म्हणून निवड झाली होती. वैद्यकीय कारण देऊन बँकेने त्याला नियुक्ती नाकारली. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराचा आधार घेत न्यायालयाने 'वाजवी सोय' हे तत्त्व उचलून धरले. मालकावर अवाजवी बोजा पडत नसेल, तर आवश्यक ती सोय करून देणे ही मेहेरबानी नसून कर्तव्य आहे, हा त्याचा आशय. २०१६ च्या कायद्याने हे तत्त्व स्पष्ट शब्दांत स्वीकारले.

शिडीची खालची पायरी

अपंगांसाठी 'योग्य' कामे ठरविण्याची आपली जुनी पद्धतही वेतनाच्या मुळाशी आहे. अंध व्यक्तीने खुर्च्या विणाव्यात, मेणबत्त्या कराव्यात किंवा दूरध्वनी यंत्रणेवर बसावे. पायाने अधू असलेल्याने एसटीडी-पीसीओ चालवावा, अशी एक ठरावीक वाटणी दीर्घकाळ चालत आली. ही सर्व कामे सन्मानाची होती, अनेक कुटुंबे त्यांवर जगली. परंतु त्यांना पुढची पायरी नव्हती. दूरध्वनी यंत्रणा स्वयंचलित झाली, मोबाइलने पीसीओची गरज संपविली आणि हातात दुसरे कौशल्य नसलेला माणूस आहे तेथेच राहिला. आज पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली अंध व्यक्तीला लेखापाल, वकील, प्रोग्रॅमर बनवू शकते. मात्र भरती करणाऱ्याच्या मनातील यादी अद्याप जुनीच असते.

सरकारी सेवेत हा प्रश्न पदोन्नतीच्या रूपाने उभा राहिला. नोकरी मिळे, पण वरच्या श्रेणीतील पदे पदोन्नतीने भरावयाची असल्यास तेथे आरक्षण लागू नाही, अशी भूमिका प्रशासन घेत असे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली आणि अ व ब गटांतील पदे पदोन्नतीने भरावयाची असली तरी अपंगांसाठीचे आरक्षण लागू राहील, असा निर्णय दिला. जानेवारी २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो कायम ठेवला. कायदा १९९६ मध्ये लागू झाला होता. दोन दशके ज्यांची पदोन्नती अडून राहिली, त्यांच्या मूळ वेतनावर आणि पुढे निवृत्तिवेतनावर झालेला परिणाम कोणत्याही निकालाने भरून निघणारा नाही.

पगार सारखा, किंमत वेगळी

आता समजा, एखाद्याला सर्व अडथळे पार करून इतरांइतकाच पगार मिळाला. तरीही समता साधली, असे म्हणता येईल का? नवी मुंबईच्या रस्त्यावर हा प्रश्न तपासून पाहता येतो.

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि या शहराची आखणी कागदावर सुरू झाली. जुन्या शहरांच्या गल्लीबोळांची सबब येथे नव्हती. तरीही हार्बर मार्गावरील अनेक स्थानकांत फलाटावर पोहोचण्यासाठी भुयारी मार्गाच्या पायऱ्या चढाव्या-उतराव्या लागतात, अशीच रचना झाली. काही ठिकाणी पुढे उद्वाहने व सरकते जिने बसविण्यात आले, परंतु ते मूळ आराखड्याचा भाग नव्हते. नोव्हेंबर २००४ मध्ये ठाणे-वाशी रेल्वे सुरू झाली आणि ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही स्थानके औद्योगिक पट्ट्याच्या दाराशी आली. पण एमआयडीसीत शिरायचे तर ठाणे-बेलापूर रस्त्याची वाहती रहदारी ओलांडावी लागते. डब्यात अपंगांसाठी राखीव जागा असली, तरी फलाट आणि डबा यांमधील पोकळी कोण भरणार?

एक साधा हिशेब करू. समजा, दोन तरुण एकाच कार्यालयात मासिक १८ हजार रुपयांवर काम करतात आणि दोघेही कार्यालयापासून सात किलोमीटरवर राहतात. पहिला रेल्वेने जातो. त्याचा मासिक पास दोनशे रुपयांच्या आतला. दुसरा चाकाच्या खुर्चीवर आहे. त्याला पायऱ्या शक्य नाहीत, म्हणून तो रिक्षा करतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ठरलेल्या दराने पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये व पुढे प्रति किलोमीटर १७ रुपये १४ पैसे धरल्यास एका फेरीचे सुमारे १२० रुपये होतात. जाऊन-येऊन २४० आणि २५ दिवसांचे सहा हजार. पगाराचा तिसरा हिस्सा केवळ कामावर पोहोचण्यात जातो. पगारपत्रकावर दोघे समान, घरी मात्र एक १८ हजारांचा आणि दुसरा १२ हजारांचा कर्मचारी असतो. त्यात औषधे, उपकरणांची दुरुस्ती, मदतनीस हे धरलेलेच नाही.

नोबेल पुरस्कारप्राप्त अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी हाच मुद्दा सिद्धान्तरूपात मांडला आहे. अपंगत्वामुळे कमावण्याची क्षमता घटते, ही पहिली उणीव. मिळालेल्या पैशाचे सुस्थितीत रूपांतर करण्यास इतरांपेक्षा अधिक खर्च येतो, ही दुसरी. सेन यांनी उद्धृत केलेल्या ब्रिटनमधील एका अभ्यासानुसार तेथील १७.९ टक्के व्यक्ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांत राहत होत्या. अपंग सदस्य असलेल्या कुटुंबांत हे प्रमाण २३.१ टक्के होते. अपंगत्वामुळे येणारा अतिरिक्त खर्च हिशेबात धरताच ते ४७.४ टक्क्यांवर गेले. म्हणजे दारिद्र्याचा मोठा भाग उत्पन्नाच्या आकड्यांत दिसतच नाही.

केंद्र सरकारने आपल्या अपंग कर्मचाऱ्यांच्या बाबतीत हे वास्तव मान्य केलेले आहे. त्यांना वाहतूक भत्ता दुप्पट दराने मिळतो. आयकरातही अंध व अस्थिव्यंग कर्मचाऱ्यांच्या वाहतूक भत्त्याला महिना ३,२०० रुपयांपर्यंत सूट ठेवण्यात आली. परंतु खासगी मालक असा भत्ताच देत नसेल, तर त्या सुटीचा उपयोग काय?

प्रोत्साहनाची योजना आणि तिचे अपयश

नवी मुंबईतील बहुतांश रोजगार खासगी आहे. ऐरोलीतील माहिती तंत्रज्ञान संकुले, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील रासायनिक व अभियांत्रिकी कारखाने, तुर्भे-वाशीच्या घाऊक बाजारपेठा यांपैकी कोठेही चार टक्क्यांचे आरक्षण लागू नाही. किमान पाच टक्के कर्मचारी अपंग असावेत यासाठी खासगी मालकांना प्रोत्साहन देण्याची तरतूद १९९५ च्या कायद्यात होती, तशीच ती २०१६ च्या कायद्यातही आहे.

असा एक प्रयत्न झाला होता. २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दर वर्षी एक लाख अपंगांना खासगी नोकरी देण्याचे उद्दिष्ट ठेवून १,८०० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. महिना २५ हजार रुपयांपर्यंतच्या वेतनावर मालकाचा भविष्यनिर्वाह निधी व राज्य विमा योजनेचा हिस्सा तीन वर्षे सरकार भरणार होते. योजना उद्दिष्टाच्या जवळपासही पोहोचली नाही. त्याचे कारण हिशेबातच आहे. दहा हजारांच्या पगारावर भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा वाटा १,२०० रुपये. एवढ्या बचतीसाठी कोणी उतारवाट बांधत नाही, स्वच्छतागृह रुंद करीत नाही की संगणकप्रणाली विकत घेत नाही. अडथळा पगाराचा नव्हता, सोयीचा होता. सवलत मात्र पगारावर दिली गेली.

अन्य देशांनी वेगळा मार्ग चोखाळला आहे. जर्मनीत वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने पाच टक्के पदांवर तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्ती नेमणे बंधनकारक आहे. अन्यथा त्याला आकार भरावा लागतो. जपानने खासगी आस्थापनांसाठीचे प्रमाण एप्रिल २०२४ मध्ये अडीच टक्क्यांवर नेले. तेथेही शंभरांहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कमी भरतीबद्दल आकार द्यावा लागतो आणि त्या निधीतून अपंगांना नेमणाऱ्या मालकांना साहाय्य मिळते. आपल्याकडील कायदा वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करण्यास आणि संपर्क अधिकारी नेमण्यास सांगतो. परंतु कायद्याच्या पहिल्या उल्लंघनासाठी दंडाची कमाल मर्यादा आहे दहा हजार रुपये!

कारखान्यात गेलेली बोटे

औद्योगिक शहरात आणखी एक वर्ग असतो. यंत्रावर काम करताना अपंगत्व आलेला कामगार हा जन्मतः अपंग नसतो. त्याच्याजवळ कौशल्य असते, अनुभव असतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात त्याच्या शरीराचा दर लिहिलेला होता. अंगठा गेल्यास कमाईक्षमतेची हानी ३० टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास ५० टक्के, पूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत गेला असला, तरी मोजण्याची पद्धत तीच राहिली.

भरपाई मिळते, नोकरीची हमी मात्र मिळत नाही. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला कमी करता येणार नाही, त्याला समान वेतनश्रेणीच्या अन्य पदावर सामावून घ्यावे, ही २०१६ च्या कायद्यातील तरतूद केवळ सरकारी आस्थापनांना लागू आहे. महापालिकेचा कर्मचारी अपघातानंतर आपल्या वेतनश्रेणीसह सेवेत राहू शकतो. पलीकडच्या कारखान्यातील कंत्राटी कामगाराला तसे कोणतेही संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितलेली सुतार आणि कारकुनाची तुलना येथे रोजच्या व्यवहारात उतरलेली दिसते.

नोंदवहीत नसलेला रकाना

या साऱ्या विषयात धोरणकर्त्यांच्या हाती ठोस माहिती का नसावी? उत्तर नियमांतच सापडते. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार मालकाने अपंग कर्मचाऱ्यांची नोंद ठेवावयाची असते. किती जण आहेत व केव्हापासून, नाव-लिंग-पत्ता, अपंगत्वाचे स्वरूप, कामाचे स्वरूप आणि दिलेल्या सुविधा, असे तिचे रकाने आहेत. वेतनाचा रकाना त्यात नाही. 'सेबी'ने मोठ्या सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीच्या केलेल्या शाश्वतता अहवालात अपंग कर्मचाऱ्यांची संख्या द्यावी लागते. स्त्री-पुरुषांच्या वेतनाचा मध्यांक द्यावा लागतो. अपंगांच्या वेतनाचा मात्र नाही.

वेतनविषयक कायद्यांचा इतिहासही याहून वेगळा नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या कलम २६ ने अपंग कामगारांना किमान वेतनातून वगळण्याचा अधिकार सरकारला दिला होता. अपंगाचे श्रम कमी मोलाचे असू शकतात, असे त्यात गृहीत धरले होते. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या वेतन संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली. परंतु वेतनातील भेदभावास मनाई करणारे तिचे कलम लिंगभेदापुरतेच बोलते. अपंगत्वाचा उल्लेख त्यात नाही.

नवी मुंबईकडे आज साधने आहेत. महापालिकेचे वाशी येथील ईटीसी केंद्र विशेष मुलांचे शिक्षण, उपचार आणि प्रशिक्षण यांसाठी नावाजले गेले आहे. खारघरमध्ये बौद्धिक अपंगत्वासाठीच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे. येथून बाहेर पडणारा प्रशिक्षित तरुण आणि पाच-सात किलोमीटरवरचा कारखाना यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते प्रशिक्षणाने कमी होणारे नाही. त्यासाठी स्थानकापासून कारखान्याच्या दारापर्यंतची वाट मोकळी हवी, खासगी कर्मचाऱ्यालाही वाहतूक भत्ता हवा, प्रोत्साहन पगाराऐवजी सोयींवर खर्च व्हावयास हवे. आणि मालकाच्या नोंदवहीत एक रकाना वाढावयास हवा. या शेवटच्या सुधारणेला निधी लागत नाही, केवळ नियमातील एक ओळ लागते.

टक्क्यांची लढाई संपलेली नाही आणि संपूही नये. परंतु पद भरले गेले म्हणजे न्याय झाला, हे गृहीत धरण्याचे दिवस सरले आहेत. हात गमावलेल्या सुताराला भरपाई देऊन आपण त्याची फाइल बंद करतो. तो उद्या कोणते काम करील, किती कमावील आणि कामावर कसा पोहोचेल, हे तीन प्रश्न त्या फाइलीत कधी लिहिलेच गेले नव्हते.